दान, उसनवारी आणि दुरुस्ती : साहाय्यक उपकरणांचा एक लहानसा इतिहास

कानपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे मुलखातून पाहुणे आले, की त्यांना बिठूर दाखविण्यास नेणे हा आपला ठरलेला रिवाज आहे. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसऱ्या बाजीरावांनी आपले उर्वरित आयुष्य जेथे कंठिले आणि जेथून नानासाहेब पेशवे १८५७ च्या रणधुमाळीत उतरले, ते गंगाकाठचे गाव पाहिल्यावाचून पाहुण्यांची कानपूरभेट पुरी होत नाही. या वाटेवर, ग्रँड ट्रंक रोडने कल्याणपूर मागे टाकल्यावर, नारामऊ येथे एक मोठा कारखाना लागतो. मन पेशव्यांच्या आठवणीत गुंतलेले असल्यामुळे त्याच्या फाटकाकडे सहसा कोणी मान वळवून पाहत नाही. आम्हीही कित्येक वर्षे पाहिले नव्हते. तो कारखाना म्हणजे भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम. ‘ॲलिम्को’ या आद्याक्षरी नावाने तो देशभर ओळखला जातो.

एका घरगुती प्रसंगाने आमचे लक्ष या विषयाकडे वळले. आमच्या मातोश्री न्हाणीघरात घसरून पडल्या व मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी यावयाच्या, तो चाकाची खुर्ची हवी अशी सूचना डॉक्टरांनी केली. गावाकडे असतो तर चार घरी विचारून ती मागून आणता आली असती. येथे परमुलखात कोणाकडे विचारावे? घाईघाईने बाजारातून नवी खुर्ची विकत आणली. घरी आणल्यावर ध्यानात आले, की न्हाणीघराच्या दारापेक्षा ती दोन बोटे रुंद आहे. दुकानदाराने ती परत घेण्याचे नाकारले. तीन महिन्यांत मातोश्री वॉकर धरून चालू लागल्या आणि खुर्ची जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली.

आपल्यापैकी अनेक घरांच्या माळ्यांवर अशी एखादी वस्तू असेल. त्या वस्तूकडे पाहता पाहता आमच्या मनात जो विचार आला तो असा : साहाय्यक उपकरण मिळणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. ते घेण्यापूर्वी पाहून व वापरून पारखता येणे, गरजेपुरते उसने मिळणे आणि मोडल्यास दुरुस्त होणे हा दुसरा अर्धा भाग आहे. गेल्या अर्धशतकात आपल्या देशाने पहिल्या अर्ध्याच्या वाटेवर मोठी मजल मारली. दुसरा अर्धा मात्र मागे राहिला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे. ज्या काळी ‘अपंग’ हा शब्द रूढ होता त्या काळासाठी आम्ही तो तसाच ठेविला आहे; आज शासनव्यवहारात ‘दिव्यांग’ हा शब्द आहे.

युद्धातून आलेली उपकरणे

ही गरज फार पुरातन आहे. ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीचा उल्लेख येतो. युद्धात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवून दिला, अशी ती कथा. कथेवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे. पण तुटलेल्या पायाच्या जागी दुसरा पाय हवा, ही कल्पना आपल्या वाङ्मयाच्या उगमापाशीच आहे एवढे त्यातून निश्चित दिसते.

अर्वाचीन काळात या कामाला गती दिली तीही युद्धांनीच. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडून येथे प्रशिक्षण केंद्र निघाले. १९४४ साली पुण्यास लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर डेहराडूनचे काम भारत सरकारने हाती घेतले व १९५१ साली तेथे ब्रेल मुद्रणालय उभे राहिले. १९५५ साली मुंबईत हाजीअली येथे भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. या साऱ्या संस्था मोलाच्या होत्या. परंतु त्या मोजक्या शहरांत होत्या, आणि गरजवंतालाच त्यांच्यापर्यंत प्रवास करावा लागे. ज्याला चालता येत नाही त्यानेच दूरवर जावे, ही विसंगती तेव्हापासूनची आहे.

आज ज्या घडीच्या चाकाच्या खुर्चीला आपण इतके सरावलो आहोत, तिचा जन्मही सांगण्यासारखा आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट हे अमेरिकेतील खाण-अभियंता १९१८ साली खाणीतील अपघातात जायबंदी झाले. त्या काळच्या खुर्च्या अवजड असत व मोटारीत मावत नसत. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज हे यंत्र-अभियंता. दोघांनी मिळून १९३३ च्या सुमारास नळ्यांची, मधोमध मिटणारी हलकी खुर्ची तयार केली. ज्याला वस्तू वापरावयाची आहे तोच तिच्या रचनेत भागीदार असला म्हणजे वस्तू कशी उतरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कानपूर आणि जयपूर

१९७२ साली भारत सरकारने कानपूर येथे कृत्रिम अंग निर्माण निगमाची स्थापना केली. नफा न कमावणारी कंपनी असे तिचे स्वरूप ठेविले गेले. १९७६ पासून येथे उत्पादन सुरू झाले. कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम पाय-हात, तीनचाकी सायकली, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे अशा वस्तू एकाच छताखाली ठरावीक दर्जाने तयार होऊ लागल्या. तोवर यांतील कित्येक वस्तू परदेशातून येत किंवा कोठे एखाद्या कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून असत.

याच सुमारास जयपुरात एक वेगळा प्रयोग चालू होता. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर पंडित रामचंद्र शर्मा यांनी १९६८-६९ च्या सुमारास रबराचा पाय घडविला. परदेशी पाय बुटात घालून चालणाऱ्यासाठी असे. आपल्याकडील माणूस अनवाणी शेतात जातो, उकिडवा बसतो, पाटावर मांडी घालून जेवतो. या रीतीला साजेसा तो ‘जयपूर फूट’ होता. १९७५ साली श्री. डी. आर. मेहता यांच्या पुढाकाराने ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ निघाली व हा पाय विनामूल्य बसविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जयपूरच्या पद्धतीचे मर्म असे, की माणूस तेथे येतो, माप देतो, पाय बसवून चालून पाहतो, टोचल्यास तेथल्या तेथे घासून घेतो आणि मगच घरी जातो. पारख आणि दान या दोन गोष्टी तेथे एकाच जागी घडतात.

शिबिरांची रीत

१९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षापासून भारत सरकारची अपंगांना उपकरणे घेण्यासाठी व बसवून देण्यासाठी साहाय्य देणारी योजना अमलात आहे. ‘ॲडिप’ या नावाने ती ओळखली जाते. केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्था, राष्ट्रीय संस्था, जिल्हा केंद्रे व कानपूरचा निगम यांना अनुदान द्यावयाचे, त्यांनी शिबिरे भरवून गरजवंतांची तपासणी करावयाची व उपकरणे वाटावयाची, अशी ही रचना. प्रथम तपासणीचे शिबिर, काही काळाने वाटपाचे शिबिर, हा क्रम गावोगावी परिचित झाला. पुढे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अशा योजना करणे हे शासनाचे कर्तव्यच ठरविले. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कविषयक करार मान्य केला, आणि २०१६ च्या नव्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. २०१७ साली दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ निघाली. काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, चष्मे, कवळ्या यांचे वाटप तीतून होऊ लागले व ते काम कानपूरच्या निगमाकडे सोपविण्यात आले.

या कामगिरीचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच विचार नाही. हाताने पॅडल फिरवावयाच्या तीनचाकी सायकलीवर बसून पहिल्यांदा स्वतःच्या बळावर शाळेत गेलेल्या मुलाला विचारावे, म्हणजे शिबिराची किंमत कळेल. परंतु कोणतीही योजना ज्या काळात आखली जाते त्या काळच्या गरजेचा ठसा तिच्यावर असतो. ही योजना आखली गेली तेव्हा देशापुढे पोलिओचा प्रश्न होता. पोलिओने लुळा झालेला पाय आयुष्यभर तसाच राहावयाचा; त्याला कॅलिपर वा सायकल कायमची देऊन टाकणे हेच योग्य होते. पुढे देशव्यापी लसीकरणाने चित्र पालटले. देशातील शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आज घरोघरी जी गरज उत्पन्न होते ती निराळी आहे. वृद्धाचे मोडलेले हाड, पक्षाघात, गुडघ्याची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे अखेरचे महिने. ही गरज एकाएकी येते, काही आठवड्यांची वा महिन्यांची असते, आणि दर पंधरवड्याला तिचे रूप बदलते. आज खुर्ची, उद्या वॉकर, परवा केवळ काठी.

अशा गरजेला शिबिराचे दान पुरे पडत नाही. ज्याचे हाड मोडले आहे त्याच्याजवळ चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नसतो व असण्याचे कारणही नाही. १ एप्रिल २०१४ पासून लागू झालेल्या नियमांत दरमहा १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास पूर्ण व २०,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यास निम्मे साहाय्य होते. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली. तरी नोकरदार मध्यमवर्ग बहुधा तिच्या बाहेरच राहतो, आणि ते योग्यच आहे. तेच उपकरण पुन्हा मिळण्यासाठी साधारणतः तीन वर्षे थांबावे, बारा वर्षांखालील मुलाने एक वर्ष, असाही नियम आहे. वाढत्या मुलाचा पाय मात्र नियम वाचून वाढत नाही.

याहून खोल अडचण हिशेबाच्या रीतीत आहे. आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या कचेरीत आयुष्याची बहुतेक वर्षे फायलींमध्ये घालविली आहेत, म्हणून हे सांगण्याचे धाडस करतो. किती खुर्च्या वाटल्या हा आकडा अहवालात सहज मावतो. त्यांपैकी किती दोन वर्षांनी चालू स्थितीत आहेत, हा आकडा कोणी मागत नाही. खरेदीला मंजुरी मिळते. चाकाच्या धावेसाठी, बेअरिंगसाठी, श्रवणयंत्राच्या सेलसाठी दरसालचा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालावा यावर टिपणी लिहिण्यातच वर्ष सरते.

परदेशांतील धडे

१९९३ साली अमेरिकेत बेट्सी फिलिप्स व हाँगशिन झाओ या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपकरणे मिळालेल्या २२७ प्रौढ व्यक्तींकडे त्यांनी चौकशी केली. त्यांत २९.३ टक्के उपकरणे वापरणाऱ्यांनी टाकून दिलेली आढळली. कारणे चार निघाली : निवड करताना वापरणाऱ्याचे मत न विचारणे, वस्तू फार सहजी हाती पडणे, वस्तूचे काम समाधानकारक नसणे आणि गरजच बदलणे. आमच्या माळ्यावरील खुर्चीला यांतील पहिले व शेवटचे कारण तंतोतंत लागू पडते. मातोश्रींना खुर्चीवर बसवून न्हाणीघरापर्यंत नेऊन पाहण्याचे कोणाच्या मनातच आले नव्हते.

अमेरिकेने या दिशेने १९८८ साली पहिला स्वतंत्र कायदा केला. व्यक्तीला वस्तू विकत घेऊन देण्यापेक्षा प्रत्येक राज्यात माहितीची, पारखीची व उसनवारीची व्यवस्था उभी करण्यासाठी संघ सरकारने अनुदान द्यावे, ही त्यामागील कल्पना. सुरुवातीस हे अनुदान ठरावीक मुदतीपुरतेच होते, त्यामुळे उभे राहिलेले काम मुदत संपताच कोलमडण्याची भीती असे. १९९८ साली कायदा नव्याने झाला, आणि २००४ च्या दुरुस्तीने ती मुदत काढून टाकून राज्यांनी करावयाची कामे स्पष्ट नेमून दिली. उपकरणांचे प्रात्यक्षिक दाखविणे, ती अल्पमुदतीने उसनी देणे, वापरलेली उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणे आणि खरेदीसाठी सुलभ अर्थसाहाय्याची सोय करणे, अशी ती चार कामे. अनुदानाचा निदान ६० टक्के भाग या प्रत्यक्ष कामांवर खर्ची पडावा असेही बंधन घातले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे याच विषयावर पुन्हा नवा कायदा झाला.

येथे प्रात्यक्षिक आणि उसनवारी यांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रात्यक्षिकात जाणता माणूस एकाच कामाची दोन-तीन उपकरणे समोर ठेवून त्यांतील फरक समजावून देतो. उसनवारीत उपकरण घरी जाते व आपले दार, आपली पायरी, आपला संडास यांच्याशी त्याची गाठ पडते. घ्यावे की न घ्यावे हे ठरविण्यासाठी, स्वतःचे उपकरण दुरुस्तीला गेले असता, अथवा नवे येईपर्यंतची अडचण भागविण्यासाठी अशी उसनवारी असते.

नॉर्वेने याच्याही पुढे पाऊल टाकले. तेथे परगणावार शासकीय उपकरण केंद्रे आहेत. दीर्घकाळ लागणारे उपकरणही तेथे बहुतांशी उसनेच दिले जाते. मालकी शासनाची राहते. गरज संपली की ते केंद्रात परत येते, धुऊन-पुसून, दुरुस्त होऊन दुसऱ्याच्या घरी जाते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात अडीच अब्जांहून अधिक लोकांना निदान एका साहाय्यक उपकरणाची गरज आहे. श्रीमंत देशांत ती गरज नव्वद टक्क्यांपर्यंत भागते, तर काही गरीब देशांत अवघी तीन टक्के. ही दरी केवळ नव्या वस्तू तयार करून बुजणार नाही. एकच वस्तू चार घरी फिरली पाहिजे.

आपल्याच घरातील परंपरा

हे सारे परदेशी म्हणून नवे वाटण्याचे कारण नाही. गावकीची भांडी आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. लग्नकार्याला लागणारी पातेली, पराती, हंडे गावाने वर्गणीतून घ्यावयाचे, त्यांवर नाव कोरावयाचे, आणि ज्याच्या घरी कार्य त्याने मोजून नेऊन मोजून परत करावयाचे. हरवले तर भरून द्यावयाचे आणि कल्हईसाठी चार पैसे ठेवावयाचे. कल्हईचे ते चार पैसे, हेच या व्यवस्थेचे खरे मर्म होय.

महाराष्ट्रातील अनेक शहरांत आज ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्र’ अशी पाटी दिसते. सेवाभावी संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, देवस्थाने अशी केंद्रे चालवितात. खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी या वस्तू अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने मिळतात व वस्तू परत केल्यावर अनामत परत मिळते. त्यासाठी ना कायदा लागला ना अनुदान. एक खोली, एक नोंदवही आणि एक चिकाटीचा माणूस एवढ्यावर ही केंद्रे चालतात. २०२१ च्या महामारीत प्राणवायू देणारी यंत्रेही देशभर अशीच घरोघर फिरली. साथ ओसरल्यावर मात्र अनेक ठिकाणी ती कोपऱ्यात धूळ खात पडली, कारण ती मिळविताना दाखविलेली तत्परता ती राखताना उरली नाही.

आता आपल्या मंडळाकडे वळू. आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या देव-घेव वहीत, कादंबऱ्यांच्या नोंदींच्या मध्येच, ‘चाकाची खुर्ची, एक’ अशी नोंद आढळते. एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबाने ती दिली होती. पुस्तकासारखीच ती सभासद-क्रमांकावर दिली जाई. चार-पाच घरी ती फिरली. एकदा पाय ठेवण्याची पट्टी मोडून परत आली. पट्टी बसविण्याचा खर्च कोणी करावयाचा हे ठरले नाही. पुढे ती कोणाकडे गेली याची नोंद नाही. आमच्या मातोश्री पडल्या त्या आठवड्यात आम्ही ग्रंथालयात जाऊन विचारले होते. कपाटामागे फक्त एक कुबडी सापडली. दोष कोणा एकाचा नाही. त्या काळी कार्यकारिणीवर आम्हीही होतो.

पन्नास वर्षे ज्या मंडळाने पुस्तके दिली-घेतली, फाटलेली बांधून घेतली, उशीर झाल्यास दंड घेतला, त्याला हे काम जड नाही. म्हणून महोत्सवी निधीतून एक वेगळा भाग या कामासाठी काढून ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्याचे दोन हिस्से करावेत : एकातून मोजकी उपकरणे घ्यावीत आणि दुसऱ्याला दुरुस्तीवाचून अन्य कारणासाठी हात लावू नये. किमतीच्या निम्मी अनामत असावी. ज्याला ती परवडत नाही त्याला दोन सभासदांच्या हमीवर वस्तू मिळावी. भाडे येईल ते सारे दुरुस्ती खात्यात जावे. वस्तू देण्यापूर्वी घराच्या दाराचे माप विचारावे व वापरणाऱ्यास ग्रंथालयात किंवा घरी ती वापरून पाहू द्यावी. दर सहा महिन्यांनी चाके, पेच, गाद्या तपासाव्यात. ज्या शहरात देशाचा हा कारखाना आहे तेथे सुटे भाग व जाणते हात मिळणे इतर शहरांपेक्षा कठीण पडू नये. आणि ही सोय मराठी-अमराठी असा भेद न करता शेजाऱ्यालाही मिळावी, कारण आजारपणात प्रथम धावून येतो तो शेजारीच.

आपली मुले नोकरीनिमित्त दूर गेली आहेत, आणि आपण म्हातारे होत आहोत. काही घरी आईवडील येथे आपल्यापाशी आहेत, काही घरी आपणच आता आईवडील आहोत. ज्या रात्री कोणी पडेल त्या रात्री मुलूख बाराशे किलोमीटरवर असेल आणि मंडळ चार गल्ल्यांवर.

आमच्या माळ्यावरील खुर्ची आम्ही खाली उतरविली आहे. एका चाकाची धाव बदलावयाची आहे. ती बदलून झाली की खुर्ची ग्रंथालयात आणून देऊ. कार्यवाहांनी नवी वही घालून तिची पहिली नोंद करावी, आणि रुंदीचे माप तीत लिहून ठेवावे.